भिंतीलगतच्या टेबलावरची मानकरी

२९ फेब्रुवारी १९४०ची रात्र. लॉस एंजेलिसच्या ॲम्बॅसेडर हॉटेलमधले ‘कोकोनट ग्रोव्ह’ हे दालन दिव्यांनी झगमगत होते. ऑस्कर पारितोषिकांचा बारावा समारंभ होता. हॉलिवूडची सगळी बडी मंडळी आपापल्या टेबलांभोवती बसली होती. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटाचा बोलबाला होता आणि त्याचे निर्माते डेव्हिड सेल्झनिक आपल्या कलावंतांसह मोठ्या टेबलाशी बसले होते.

त्याच चित्रपटातली एक कलावती मात्र त्यांच्यात नव्हती. ती दालनाच्या पार टोकाला, भिंतीलगत मांडलेल्या लहानशा टेबलाशी बसली होती. सोबत दोघेच. एक तिच्याबरोबर आलेला गृहस्थ आणि दुसरा तिचा एजंट. या हॉटेलात काळ्या लोकांना पाहुणे म्हणून प्रवेशच नव्हता. सेल्झनिक यांनी खास शब्द टाकला म्हणून तिला आत येता आले, तेही या टेबलापर्यंतच.

थोड्या वेळाने अभिनेत्री फे बेंटर यांनी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे नाव पुकारले. हॅटी मॅकडॅनियल! केसांत पांढरी अनंताची फुले माळलेली ती धिप्पाड बाई उठली आणि सगळे दालन ओलांडून मंचावर गेली. आपण आपल्या समाजाला आणि चित्रपटसृष्टीला भूषण ठरावे, अशी इच्छा तिने बोलून दाखवली. शेवटचे शब्द बोलताना तिचा कंठ दाटून आला. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ती मंचावरून उतरली आणि पुन्हा आपल्या भिंतीलगतच्या टेबलाकडे गेली.

पारितोषिक मिळाले होते ते एका मोलकरणीच्या भूमिकेसाठी. आयुष्यभर हॅटीने पडद्यावर मोलकरणीच रंगवल्या. गोऱ्यांनी त्याबद्दल तिचे कौतुक केले, तर तिच्याच समाजातल्या अनेकांनी तिला त्यासाठी दोष दिला. त्या दोघांच्या मधोमध उभे राहून या बाईने काय मिळवले आणि काय गमावले, याची ही कहाणी आहे.

वडील सैनिक, आई गायिका

हॅटीचा जन्म १० जून १८९३ रोजी कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी झाला. तेरा भावंडांत ती सर्वांत धाकटी. आईवडील दोघांनीही गुलामगिरी भोगलेली होती. वडील हेन्री हे अमेरिकेच्या यादवी युद्धात काळ्या सैनिकांच्या पलटणीतून लढले आणि जखमी झाले. त्या जखमांनी त्यांचे शरीर कायमचे अधू झाले. जखमी सैनिकाला मिळणाऱ्या पेन्शनसाठी मात्र त्यांना वर्षानुवर्षे अर्ज करत राहावे लागले. आई सुसान चर्चमध्ये भक्तिगीते गात असे आणि घर चालवण्यासाठी लोकांकडे कामालाही जात असे.

कामाच्या शोधात हे कुटुंब कोलोरॅडो राज्यात आले आणि पुढे डेन्व्हर शहरात स्थिरावले. शाळेत हॅटी तिच्या आवाजामुळे आणि पाठांतरामुळे शिक्षकांच्या लक्षात राहिली. १९१०मध्ये दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या स्त्रियांच्या एका संघटनेने कवितावाचनाची स्पर्धा घेतली. त्यात हॅटीला पदक मिळाले. त्या पदकाने तिचा निश्चय पक्का झाला. शिक्षण अर्धवट सोडून ती भावांच्या फिरत्या खेळांत सामील झाली.

या खेळांना ‘मिन्स्ट्रेल शो’ म्हणत. गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासायचे आणि काळ्या माणसांच्या बोलण्याची, चालण्याची टिंगल करत नाचायचे, गायचे, अशी त्याची मूळ तऱ्हा. पुढे काळे कलावंतही त्यात आले, कारण रंगमंचावर पाय ठेवायला त्यांना दुसरी जागा फारशी नव्हती. १९१४मध्ये हॅटीने आणि तिची बहीण एटा हिने फक्त स्त्रियांचा एक संच काढला. त्या काळी ही मोठी धिटाई होती. गंमत अशी, की गोऱ्यांच्या कथाकादंबऱ्यांतली जी आज्ञाधारक काळी ‘मॅमी’ हॅटीला पुढे जगभर ओळख देणार होती, तिचीच टर ती डेन्व्हरच्या मंचावर उडवत असे. समोर बसलेल्या काळ्या प्रेक्षकांना त्या टवाळीतली मेख बरोबर कळत असे.

संसाराचे सुख मात्र तिच्या वाट्याला आले नाही. १९११मध्ये तिने लग्न केले आणि १९१५मध्ये ती विधवा झाली. पाठोपाठ, १९१६मध्ये खेळांचा आधारस्तंभ असलेला तिचा भाऊ ओटिस वारला. दुसरा नवराही काही वर्षांतच बंदुकीच्या गोळीने प्राणास मुकला. पोट भरायचे तर स्वतःच्याच बळावर, हे तिला तिशीच्या आत कळून चुकले होते.

प्रसाधनगृहातून मंचावर

विसाव्या दशकात ती डेन्व्हरमधल्या जॉर्ज मॉरिसन यांच्या वाद्यवृंदाबरोबर गात फिरली. रेडिओवर गायली. १९२६ ते १९२९ या काळात तिने शिकागोमध्ये ध्वनिमुद्रिकाही काढल्या. त्यांतली काही गाणी तिने स्वतःच लिहिलेली होती. आता बरे दिवस येणार असे वाटत असतानाच १९२९मध्ये शेअरबाजार कोसळला. अमेरिकेत महामंदी आली. नाटक कंपन्या बंद पडल्या आणि दौऱ्यावर असलेले कलावंत जिथल्या तिथे अडकले.

हॅटी अडकली मिल्वॉकी शहराजवळ. पदकविजेती, ध्वनिमुद्रिका निघालेली ही गायिका. तिला काम मिळाले ते सॅम पिक यांच्या क्लबमधल्या बायकांच्या प्रसाधनगृहात. येणाऱ्या गोऱ्या बायकांना टॉवेल द्यायचा आणि जागा स्वच्छ ठेवायची. क्लबच्या मंचावर गोरे कलावंत गात आणि हिला आतून ऐकू येई. मालक तिला गाऊ द्यायला तयार नव्हता. अखेर कधीतरी तिला संधी मिळाली आणि एकदा तिने गायल्यावर प्रेक्षक तिला सोडेनात. टॉवेल सुटला आणि ती तिथली नेहमीची गायिका झाली.

१९३१मध्ये ती लॉस एंजेलिसला आली. भाऊ सॅम आणि बहिणी आधीच तिथे होत्या. सॅमच्या ओळखीने तिला रेडिओवरच्या एका कार्यक्रमात काम मिळाले. आपली पायरी विसरून मालकांनाच चार शब्द सुनावणारी ठसकेबाज मोलकरीण ती त्यात रंगवू लागली. श्रोत्यांना ही ‘हाय-हॅट हॅटी’ फार आवडली. कार्यक्रम गाजला, पण पैसे इतके थोडे मिळत की पोटासाठी तिला खरोखरच लोकांकडे मोलकरीण म्हणून जावे लागे. रेडिओवर मोलकरीण आणि रेडिओबाहेरही मोलकरीण!

म्हणूनच हॅटीच्या भूमिकांकडे बघताना हे विसरून चालत नाही, की लादी पुसणे, कपडे धुणे, दुसऱ्याच्या मुलांना न्हाऊमाखू घालणे तिला नुसते अभिनयातून ठाऊक नव्हते. तिची आई हेच करत होती आणि तिने स्वतःही हेच केले होते. कष्टाच्या कामाची तिला लाज वाटत नव्हती.

वाकलेली मान, बोलके डोळे

चित्रपटांत सुरुवातीला तिला गर्दीतली, नाव नसलेली कामे मिळाली. १९३४च्या ‘जज प्रीस्ट’मध्ये दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी तिला त्या वेळचे लोकप्रिय नट विल रॉजर्स यांच्याबरोबर गाण्याची संधी दिली आणि ती नजरेत भरली. पुढच्याच वर्षी ‘ॲलिस ॲडम्स’ आला. त्यात कॅथरिन हेपबर्न एका बेताच्या घरातल्या मुलीच्या भूमिकेत होती. श्रीमंत पाहुण्यापुढे बडेजाव दाखवण्यासाठी हे कुटुंब एका रात्रीपुरती मोलकरीण ठेवते, असा त्यात प्रसंग आहे. उकाड्याने सगळे हैराण झालेले, जेवणाचे पदार्थ गरमागरम आणि वाढणारी हॅटी. ती एकही उर्मट शब्द बोलत नाही. पण तिची ढिम्म चाल, कंटाळलेली नजर आणि च्युइंगम चघळणारे तोंड त्या घराचा सगळा खोटा डौल उघडा पाडते.

हीच हॅटीची खासियत होती. संवाद गोऱ्या लेखकांनी लिहिलेले असत. ‘होय बाईसाहेब’ याखेरीज फारसे काही नसे. पण ते ‘होय’ ती अशा सुरात म्हणत असे, की त्यात ‘नाही’ ऐकू यावे. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गोऱ्या प्रेक्षकांच्या हे लक्षात आले. ही मोलकरीण मालकांशी फारच बरोबरीने वागते, अशी त्यांची तक्रार होती. उलट काळ्या समाजातल्या सुशिक्षितांना वाटे, की ती पुरेशी बरोबरीने वागत नाही. दोन्ही बाजूंचा रोष तिने एकाच वेळी ओढवून घेतला होता.

मॅमी आणि अटलांटाचा सोहळा

मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीने १९३६पासून अमेरिकेला वेड लावले होते. सेल्झनिक त्यावर चित्रपट काढणार म्हटल्यावर स्कार्लेटच्या भूमिकेसाठी जशी झुंबड उडाली, तशीच स्कार्लेटला लहानाची मोठी करणाऱ्या मॅमीच्या भूमिकेसाठीही उडाली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांनी आपल्याकडे काम करणाऱ्या एका बाईसाठी शब्द टाकला होता, असे सांगतात. भूमिका हॅटीला मिळाली.

हा चित्रपट निघतानाच काळ्यांची वृत्तपत्रे सावध झाली होती. कादंबरीत गुलामगिरीचे दिवस गोड रंगात रंगवलेले होते. गुलाम सुखी आहेत, मालक प्रेमळ आहेत आणि स्वातंत्र्य आल्याने सगळ्यांचेच वाटोळे झाले, असा तिचा सूर. शिवाय पानोपानी काळ्यांना उद्देशून वापरला जाणारा तो हीन शब्द होता. या वृत्तपत्रांनी आवाज उठवला आणि सेल्झनिक यांना तो शब्द पटकथेतून काढून टाकावा लागला. चित्रपटाचा मूळ सूर मात्र तसाच राहिला.

हॅटीने त्या चौकटीत जे केले ते पाहण्यासारखे आहे. तिची मॅमी घरातली एकमेव शहाणी व्यक्ती वाटते. स्कार्लेटचे सगळे डाव तिला कळतात आणि ती ते तोंडावर सांगते. चिमुकली बॉनी गेल्यानंतर जिना चढता चढता ती मेलनीला घरातल्या दुःखाची हकीकत सांगते, तो प्रसंग तर अविस्मरणीय आहे. एकच लांब जिना, दोन स्त्रिया आणि हॅटीचा रडवेला आवाज. मेलनीची भूमिका करणारी ऑलिव्हिया डी हॅविलंड हीच त्या वर्षी ऑस्करसाठी हॅटीची प्रतिस्पर्धी होती. बाजी मारली हॅटीने.

पण त्याआधी अटलांटाचा अपमान तिला गिळावा लागला. १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा शहरातल्या लोज ग्रँड थिएटरमध्ये चित्रपटाचा पहिला खेळ झाला. शहर सजले होते आणि नटनट्यांना पाहायला रस्तोरस्ती गर्दी लोटली होती. पण जॉर्जिया राज्यात वंशभेदाचे कायदे होते, त्यामुळे चित्रपटातल्या एकाही काळ्या कलावंताला तिथे जाता येईना. दक्षिणेत वाटल्या जाणाऱ्या स्मरणिकेतून हॅटीचे छायाचित्रही वगळण्यात आले. हे कळल्यावर क्लार्क गेबल भडकला आणि आपणही जाणार नाही म्हणून अडून बसला. हॅटीनेच समजूत घालून त्याला पाठवले, अशी हकीकत सांगितली जाते.

त्या सोहळ्याच्या आदल्या रात्री शहरातल्या गोऱ्या उच्चभ्रूंचा नाचाचा कार्यक्रम होता. तिथे मनोरंजनासाठी एका काळ्या चर्चचे गायकपथक बोलावले होते आणि त्यांना गुलामांचे कपडे घालायला लावले होते. त्या पथकात दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

आपल्याच माणसांचे बोल

ऑस्करनंतर हॅटीकडे वेगळ्या भूमिकांची रांग लागायला हवी होती. तसे घडले नाही. तिला मॅमीच्या रूपातच दौऱ्यावर पाठवण्यात आले. भूमिका येत राहिल्या, त्याही त्याच. ॲप्रन तोच, डोक्याला बांधलेला रुमाल तोच. १९४२च्या ‘इन धिस अवर लाइफ’मध्ये तिने कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाची आई रंगवली. मालकांच्या मुलीने केलेल्या अपघाताचा आळ त्या मुलावर येतो. हीही घरकाम करणारीच बाई, पण काळ्या माणसाला न्याय कसा नाकारला जातो हे ती तिथे स्पष्ट शब्दांत सांगते. अशी संधी मात्र क्वचितच आली.

त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे प्रमुख वॉल्टर व्हाइट हॉलिवूडमध्ये आले. त्यांनी स्टुडिओंच्या मालकांची भेट घेतली. पडद्यावर काळी माणसे फक्त नोकर आणि विदूषक म्हणून का दिसतात, डॉक्टर, वकील, शिक्षक म्हणून का दिसत नाहीत, असा त्यांचा सवाल होता. तो अगदी रास्त होता. लाखो गोऱ्या प्रेक्षकांना काळ्या माणसाची ओळख होत होती ती पडद्यावरूनच. तिथे तो सतत हसतमुख चाकर दिसला, तर त्याला मतदानाचा हक्क हवा, चांगली शाळा हवी, हे कुणाला पटणार?

पण या लढाईत हॅटीसारखे कलावंतच आरोपी ठरले. तिचे उत्तर म्हणून एक वाक्य प्रसिद्ध आहे. मोलकरणीचे काम पडद्यावर केले तर आठवड्याला सातशे डॉलर मिळतात, प्रत्यक्षात केले तर सात मिळतील, असा त्याचा आशय. त्यात व्यवहार होता, विनोद होता आणि खोल जखमही होती. ज्या दारातून आत जाता आले त्या दारातून आपण गेलो, दुसरे दार उघडे नव्हते, एवढेच तिचे म्हणणे होते.

व्हाइट यांच्या पसंतीची नवी तारका होती लेना हॉर्न. तरुण, देखणी आणि नोकराणीच्या भूमिका नाकारणारी. आपल्या पोटावर पाय येणार या भीतीने अनेक काळे कलावंत लेनावर चिडले. हॅटीने मात्र तिला आपल्या घरी बोलावून घेतले आणि धीर दिला. पुढे लेना हॉर्न हिने ही आठवण कृतज्ञतेने सांगितली आहे. जिच्यामुळे आपण जुनाट ठरतो आहोत त्या मुलीला जवळ करायला मन मोठे लागते.

स्वतःच्या घरासाठी

मोलकरणीच्या भूमिकांतून मिळालेल्या पैशातून हॅटीने १९४२मध्ये लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स हाइट्स या भागात सतरा खोल्यांचे पांढरेशुभ्र दुमजली घर घेतले. मंदीत हात पोळलेल्या गोऱ्या मालकांनी तिथली घरे काळ्या खरेदीदारांना विकली होती. लोक या भागाला ‘शुगर हिल’ म्हणू लागले. एथेल वॉटर्स आणि लुईझ बीव्हर्स या अभिनेत्रींचीही घरे इथेच होती. काळे डॉक्टर आणि व्यापारीही राहायला आले. दरवर्षी हॅटीच्या घरी मोठी मेजवानी होई आणि क्लार्क गेबलसारखे तारे तिथे हजर असत.

काही गोऱ्या शेजाऱ्यांना हे खुपले. तिथल्या घरांच्या जुन्या करारांत एक अट होती. हे घर गोऱ्याखेरीज कुणाला विकायचे नाही की राहायला द्यायचे नाही. त्या अटीवर बोट ठेवून त्यांनी न्यायालयात दावा लावला. पैसे मोजून घेतलेल्या घरांतून या कुटुंबांना बाहेर काढा, अशी त्यांची मागणी होती.

पडद्यावर मान खाली घालून ‘होय बाईसाहेब’ म्हणणारी हॅटी इथे मात्र मागे हटली नाही. तिने शेजाऱ्यांना एकत्र केले. दर शनिवारी तिच्या घरी बैठका होऊ लागल्या. सुनावणीच्या दिवशी अडीचशेच्या आसपास लोक न्यायालयात येऊन बसले. लॉरेन मिलर या हुशार काळ्या वकिलाने बाजू मांडली. डिसेंबर १९४५मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी स्वतः त्या भागात जाऊन पाहणी केली आणि दुसऱ्या दिवशी दावा फेटाळला. अमेरिकन राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने सर्व नागरिकांना दिलेले समान संरक्षण काळ्या नागरिकांनाही मिळालेच पाहिजे, असा त्यांच्या निकालाचा रोख होता.

अशा अटी न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८मध्ये दिला. त्या लढ्यातही लॉरेन मिलर वकील म्हणून उभे होते. हॅटीच्या टीकाकारांनी तिच्या ॲप्रनकडे पाहिले. त्या ॲप्रनच्या कमाईने उभे राहिलेले घर आणि त्या घराने दिलेली लढाई फार थोड्यांच्या ध्यानात आली.

रिकामा पाळणा

याच सुमारास तिचे घरातले दुःख मात्र वाढत होते. १९४१मध्ये तिने तिसरे लग्न केले होते. पन्नाशी उलटलेल्या हॅटीला १९४५मध्ये दिवस गेल्यासारखे वाटले. ती हरखून गेली. ओळखीच्यांना तिने ही गोड बातमी दिली आणि बाळासाठी कपडे, खेळणी जमवायला सुरुवात केली. पण तो केवळ भास ठरला. या धक्क्यातून सावरणे तिला फार जड गेले. त्याच वर्षी घटस्फोट झाला. १९४९मध्ये केलेले चौथे लग्नही जेमतेम वर्षभर टिकले. पडद्यावर दुसऱ्यांची मुले वाढवणाऱ्या या बाईचा स्वतःचा पाळणा रिकामाच राहिला.

कामाने तिला पुन्हा उभे केले. रेडिओवर ‘ब्यूला’ नावाच्या काळ्या मोलकरणीची मालिका लोकप्रिय होती. नवल म्हणजे ब्यूलाचा आवाज आजवर गोरे पुरुष काढत आले होते! १९४७मध्ये ही भूमिका हॅटीकडे आली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओवरील मालिकेची नायिका होणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. आठवड्याला हजार डॉलर मिळणार होते. तरीही तिने आधी अट घातली. काळ्यांची टर उडवणारी मोडकीतोडकी बोली आपण बोलणार नाही. ती अट मान्य झाली. भूमिका पुन्हा मोलकरणीचीच होती, पण तिच्या तोंडची भाषा या वेळी हॅटीने ठरवली होती.

शेवटची इच्छा

१९५१मध्ये ‘ब्यूला’ टेलिव्हिजनवरही करायला तिने घेतली. सहा भाग चित्रित झाले आणि ती आजारी पडली. पुढे स्तनाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी, वयाच्या ५९व्या वर्षी चित्रपट कलावंतांसाठी असलेल्या रुग्णालयात तिचे निधन झाले.

तिने आपल्या अंत्यविधीबद्दल लिहून ठेवले होते. पांढरी शवपेटी, पांढरे वस्त्र, केसांत आणि हातात पांढरी अनंताची फुले आणि हॉलिवूडच्या दफनभूमीत विसावा. फुले मिळाली, शवपेटी मिळाली. दफनभूमी मिळाली नाही. तिथे फक्त गोऱ्यांना जागा होती. ज्या हॉलिवूडसाठी ती वीस वर्षे राबली, तिथे तिला मरणानंतरही भिंतीलगतचे टेबल मिळाले नाही. रोझडेल दफनभूमीत तिला मूठमाती देण्यात आली. १९९९मध्ये हॉलिवूडच्या त्या दफनभूमीच्या नव्या मालकाने तिचे अवशेष तिथे आणण्याची तयारी दाखवली. घरच्यांनी तिची चिरनिद्रा मोडायला नकार दिला. तेव्हा तिथे तिचे स्मारक उभारण्यात आले.

आपले ऑस्कर तिने मृत्युपत्रात वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठाला दिले होते. काळ्या विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेली ही नामवंत संस्था आहे. त्या काळी सहायक भूमिकांसाठी सोनेरी पुतळा मिळत नसे. तळहाताएवढा फलक मिळे. विद्यापीठाच्या नाट्यविभागात तो बरीच वर्षे होता. पुढे तो नाहीसा झाला. कुणी म्हणाले चोरीला गेला, कुणी म्हणाले अडगळीत पडला. आजवर तो सापडलेला नाही.

हॅटीनंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळायला एकावन्न वर्षे लागली. १९९१मध्ये ‘घोस्ट’साठी व्हूपी गोल्डबर्गला ते मिळाले. २००२मध्ये हॅली बेरी सर्वोत्कृष्ट नायिका ठरली. २०१०मध्ये मोनिक हिला सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा ती केसांत पांढरी अनंताची फुले माळून आली होती. तिने मंचावरून हॅटी मॅकडॅनियलचे आभार मानले. आपल्याला जे करावे लागू नये म्हणून हॅटीने ते सारे सोसले, असे ती म्हणाली.

हॅटीला दोष देणारे चुकले होते का? त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मॅमीच्या हसऱ्या चेहऱ्याने गुलामगिरीचे क्रौर्य झाकले, हे नाकारता येत नाही. पण त्या चेहऱ्यामागच्या बाईला निवड करायची होती ती मोलकरीण होणे आणि मोलकरणीची भूमिका करणे एवढ्या दोनच गोष्टींत. ही निवड तिच्यापुढे ठेवणाऱ्यांना कुणी फारसा जाब विचारला नाही. घरोघरी धुणीभांडी करून मुलांना शिकवणाऱ्या बायका आपल्याही ओळखीच्या असतात. त्यांच्या कामाकडे नाक मुरडून पाहताना त्यांच्यापुढे दुसरी कोणती वाट होती, हे आपण तरी कितीदा विचारतो?

१ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने हॅटीच्या हरवलेल्या फलकाच्या जागी नवा फलक हॉवर्ड विद्यापीठाला समारंभपूर्वक दिला. ‘हॅटी घरी आली’ अशा अर्थाचे नाव त्या कार्यक्रमाला दिले होते. एकोणिसाव्या शतकातले थोर कृष्णवर्णीय नट आयरा ऑल्ड्रिज यांच्या नावाच्या नाट्यगृहात तो झाला. फलक पूर्वीइतकाच लहान होता. फरक एवढाच, की या वेळी पुढच्या रांगेत बसण्यासाठी कुणालाही खास परवानगी काढावी लागली नाही.